लाल गाडीचा मूळ रंग

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आपली गाडी घेऊन गॅरेजात शिरल्या, तेव्हा भाऊजींनी लांबूनच निकाल देऊन टाकला.

"बाई, हिचा रंग मेला. सगळा खरवडून नवा मारू. अशी कोरी करतो, ओळखणार नाही तुम्ही."

"नव्या रंगाचं नाव काढलंस तर याद राख!" बाई गरजल्या. भाऊजी त्यांचे जुने विद्यार्थी. पन्नाशीला आले, गॅरेजचे मालक झाले, तरी बाईंच्या तोंडी ते 'अरे-तुरे'च होते.

बाईंनी पर्समधून पत्र काढलं. जुन्या गाड्यांच्या संग्रहालयाचं होतं. एकतीस वर्षं शिकवणीत राबलेली ही गाडी ते कायमची ठेवून घ्यायला तयार होते, पण अट एकच, रंग मूळचा हवा. शनिवारी दुपारी चारला तपासनीस येणार होता. आज गुरुवार. आणि गाडीचा लाल रंग उन्हानं खाऊन खाऊन खडूसारखा फिक्कट झाला होता.

वहिनी हातातलं फडकं टाकून पुढे आली. ती मालकाची वहिनी, म्हणून गॅरेजात सगळ्यांचीच वहिनी. आधीची बारा वर्षं तिनं चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात घालवली होती. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. दुकानात मशीन आलं आणि तिचं काम गेलं, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "घरी बसून भिंती घासणार का? या गॅरेजात." ती आली गाड्यांच्या काचा पुसायला, आणि चार वर्षांत पॉलिशचं मशीन तिच्या हाताखाली आलं. शेवटचा शब्द मात्र अजून भाऊजींचाच चालायचा.

तिनं मऊ कापडावर थोडं पॉलिश घेतलं आणि बॉनेटवर तळहाताएवढ्या जागी घासायला लागली. कापड बघता बघता लालभडक झालं.

"अगं, रक्त काढतेस की काय तिचं!" बाई किंचाळल्या.

"मेलेली कातडी निघतेय, बाई. खाली बघा ना."

बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. फिकटलेल्या बॉनेटच्या मधोमध पिकल्या मिरचीसारखा लाल ठिपका उजळला होता, आणि त्यात त्यांचं स्वतःचं नाक दिसत होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. "रंग जिवंत आहे! ही गाडी माझी. कुणी मध्ये यायचं नाही."

भाऊजींनी बाईंकडे पाहिलं आणि गाडी धुवायला पाइप ओढला.

गाडी धुऊन झाली. वहिनीनं काठांना आणि रबरांना चिकटपट्टी लावली आणि रंगाची जाडी मोजणारं मीटर घेऊन ती गाडीभोवती फिरू लागली. टपावर आकडा शंभराच्या वर, म्हणजे घासायला रंग पुरेसा. मागे तेवढाच. बॉनेटच्या एका कोपऱ्यात साठ, म्हणजे तिथं मशीन लावलं तर खालचा पत्राच दिसायचा. तिथं तिनं खडूनं फुली मारली. मग उजवं दार. तीनशे वीस.

तिनं पुन्हा लावलं. तीनशे वीस!

"बाई, हे दार नंतर रंगवलंय. खाली पुट्टी आहे."

"शक्यच नाही! माझ्या गाडीला कधी पेंटर लागलेला नाही."

भाऊजींना त्याच क्षणी भलतीच तहान लागली. ते माठाकडे निघाले, पण वहिनीनं दीर ओळखला.

"भाऊजी, इकडे या."

मग सगळं बाहेर पडलं. बावीस वर्षांपूर्वी बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्यांचे यजमान शिकवणी सांभाळत होते. शिकता शिकता भाऊजींनी गाडी थेट फाटकाच्या खांबावर घातली. दोघांची पाचावर धारण बसली. भाऊजी तेव्हा पेंटरकडे हाताखाली होते. त्यांनी दोन दिवसांत दार सारखं करून रंगवलं. "साहेब म्हणाले, काही झालं तरी हिला कळता कामा नये."

बाईंनी दारावरून हात फिरवला. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "रोज माझ्यासमोर बसून जेवायचे," त्या म्हणाल्या, "आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही!" आणि त्या अशा हसत सुटल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

"आपण गप्प बसू," भाऊजी पुटपुटले. "दाराचा रंग असा जुळवून देतो की..."

"चमक मी आणीन," वहिनी म्हणाली. "पण लपवायचं नाही काही. विचारलं तर सांगायचं."

"सांगायचं," बाई म्हणाल्या.

शुक्रवारभर मशीन घुमत राहिलं. फोमचे पॅड लाल होत होते, वहिनी ते धूत होती, पुन्हा लावत होती. पत्रा तापतोय का, हे ती दर मिनिटाला उलट्या हातानं बघायची. भाऊजी मुकाट्यानं दिवा धरून उभे होते आणि तिनं सांगितलं तिकडे वळवत होते. फुली मारलेला कोपरा तिनं शनिवारी सकाळी नुसत्या बोटांनी, दोन तास, काचेसारखा घासला. एक ओरखडा मात्र तिनं सोडून दिला. तो काढता काढता रंगच गेला असता.

साडेतीनला चिकटपट्ट्या निघाल्या. गॅरेजचं छत, दिवे, सगळ्यांचे चेहरे गाडीत उतरले. बाई "अगं बाई, अगं बाई" करत नुसत्या फेऱ्या घालत होत्या.

तपासनीस आला तो स्वतःचं मीटर घेऊनच. उजव्या दाराशी थांबला. वहिनीनंच पुढे होऊन सगळं सांगितलं. भाऊजी मान खाली घालून उभे.

तपासनीसानं वहीत काहीतरी लिहिलं. "शिकवणीच्या गाडीला एकही ठोकर नसती," तो म्हणाला, "तर मला संशय आला असता. कोपरा हातानं केलात? कुणी?"

"मी," वहिनी म्हणाली.

"सोमवारी गाडी न्यायला येतो. आणि तुमचा फोन नंबर द्या. आमच्याकडे अशा अकरा आहेत."

भाऊजींनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाईंनी वहिनीचा दंड धरला आणि तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"बाई, मला येत नाही चालवता!"

"म्हणूनच. गाडी अजून दोन दिवस माझ्याच हातात आहे. डावा पाय क्लचवर."

गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला गाडी गॅरेजच्या अंगणात हळूहळू सरकू लागली. वहिनी घट्ट स्टिअरिंग धरून ओरडत होती, "भाऊजी, चाललीय! अहो, चाललीय बघा!"