हळदीचा अंगठा

"त्यात जेवतात का गो, बाय?"

मी पुस्तक उघडलं की मावशीचा पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं, तर सुपातल्या तांदळात मान घालायची. हो म्हटलं, की सूप बाजूला.

मुरबाडहून वैशाखऱ्याला जाताना आश्रमशाळा होती, तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कामाला. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी चौथी शिकलेली. पुढचं शिक्षण शाळेच्या कपाटातल्या कादंबऱ्यांवर. तिला अक्षर येत नव्हतं. दुपारी तांदूळ निवडताना मी वाचायची, ती ऐकायची. पण फक्त जेवणं. प्रेम, खून, लग्न, काही नको.

"ते सोड. पान वाढलं का बघ."

एका कादंबरीत श्रीमंत घरच्या सुनेनं शंभर माणसांचं रांधलं आणि तिला कुणी जेव म्हणेना, तेव्हा ही लेखकावरच उखडली. "लिवणाऱ्याच्या घरी चूल नाय का रे?"

आवडलेल्या जेवणावर अंगठा दाबून ठेवायची. हात कायम हळदीचे, खूण पक्की. पुन्हा ऐकायचं झालं, की पानं उलटून बरोबर तिथंच थांबायची.

तुम्ही हसाल. मीही हसायची.

तिची लेक ताट लोटून घरातून गेली होती, भिवंडीकडं वीटभट्टीवर. रोज सुकटच काय, एवढंच ती म्हणाली. ही म्हणाली, "खायचं तर खा, नाय तर चालती हो." ती झाली चालती. दर हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेला ही भाकऱ्या बांधून जायची, तिथं आलेल्या भट्टीवरच्या माणसांना लेकीचं नाव सांगून विचारायची, आणि भाकऱ्या तशाच परत आणायची.

"नाय भेटली."

मग एका कादंबरीत घर सोडून गेलेली मुलगी निघाली. हिचे हात थांबले.

"परत येते? आयशीनं वाढलं?"

पुस्तकात ती येत नव्हती. आई वाट बघत मरत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "येते तर! आई गरम भाकरी वाढते. वर लोणचं." पानावर डोळे ठेवून मी बोलत राहिले. तिनं तिथं अंगठा दाबला. किती तरी वेळ उचलला नाही.

दोन दिवसांनी तेच पान काढून माझ्यापुढं धरलं. मी वाचलं, "आईनं वाफाळता भात वाढला, त्यावर कालवण..."

"परवा भाकर होती."

मी घाईनं पुढची ओळ धरली.

"भाकर होती, बाय. लोणचं होतं. आज भात कसा?"

मी पुस्तक मिटायला गेले, तिनं मधे अंगठा घातला.

"खरं वाच आता."

वाचलं. शेवटपर्यंत. तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. तांदूळ कधीच निवडून झाले होते, तरी पाखडत राहिली.

त्यानंतर तिनं पुस्तकाचं कधी विचारलं नाही. जत्रा आली तेव्हा मीच म्हटलं, "मावशी, जायचं ना?"

"कुणासाठी भाजू गो?"

दोन वर्षांनी काविळीनं गेली. लेकीला कळवायचं तर कुठल्या भट्टीवर, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेतली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा ते एक मी घरी आणलं. त्या पानावर कुणी जेवत नाही. आई उंबऱ्यात बसलेली आहे, आणि तिच्यावर तो पिवळा अंगठा.