दोरीपाशी मरणारे काका

ज्ञानेश्वर काका वर्षातून तीनदा मरायचे. बावीस वर्षं. दरवेळी श्यामला काकूंच्या खुर्चीसमोर.

थांबा, नीट सांगते. काका माझ्या बाबांचे मित्र, ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवायच्या फॅक्टरीत फिटर होते, आता रिटायर्ड. मी लंडनमधल्या हाउन्सलोची. युनिव्हर्सिटीसाठी ब्रिस्टलला आले तेव्हा बाबांनी मला त्यांच्या हवाली केलं आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे वरणभात खायला जायला लागले. पहिल्याच रविवारी जिन्यात एक सोळा फुटी भाला दिसला, खालून पार वरपर्यंत गेलेला. हे काय विचारलं तर काकू म्हणाल्या, "माझी सवत."

पावणेचारशे वर्षांपूर्वी इथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात सिव्हिल वॉर झालं. लोक अजून त्या लढाया खेळतात, वीकेंडला, मोकळ्या शेतात, तेव्हाचे कपडे घालून, आणि दोरीच्या अलीकडे पब्लिक बसतं. फॅक्टरीतला डेरेक काकांना पहिल्यांदा घेऊन गेला. तो राजाकडचा. काकांनी लगेच पार्लमेंटची बाजू घेतली, म्हणाले, आठवडाभर याला तोंडाने मारतोच, शनिवारी भाल्याने मारू. लाल कोट काकूंनी शिवला, आतून कॉलरला मराठीत नाव घातलं, निळ्या दोऱ्याने, ज्ञानेश्वर.

त्यांच्या रेजिमेंटमध्ये वयस्कर लोक आधी मरतात, धावपळ नको म्हणून. मेलं की पडून राहायचं. शेवटी ढोल थांबतो, कॅप्टन मेलेल्यांना उठायला सांगतो, सगळे उठतात आणि पब्लिक टाळ्या वाजवतं.

मागच्या वर्षी मेमध्ये मी पण गेले होते. काकू फोल्डिंग चेअरवर, मांडीवर थर्मास. काका लढता लढता बरोबर त्यांच्यासमोर येऊन कोसळले आणि हॅट तोंडावर घेतली. हॅटखालून आवाज आला, "चहा आहे का?"

"मेलेल्यांनी बोलू नये."

"आलं घातलंयस?"

"अहो, लोक बघतायत."

पण झाकणात चहा ओतून त्यांनी दोरीखालून सरकवलाच. मग कॅप्टन ओरडला, सगळे उठले, काका तसेच. काकू म्हणाल्या, "चला, उठा आता," तेव्हा उठले. डेरेक मला म्हणाला की हा कॅप्टनचं कधीच ऐकत नाही, हिचंच ऐकतो.

गाडीत काका सांगत होते, हे लोक नऊ वर्षं लढले, राजाचं डोकं उडवलं, आणि अकरा वर्षांनी त्याच्याच मुलाला परत बोलावून गादीवर बसवलं. मग एवढे मेले ते कशाला?

"ते खरे मेले," काकू म्हणाल्या. "तुमच्यातले निदान उठतात."

फेब्रुवारीत काकू गेल्या. तीन आठवडे हॉस्पिटल, आणि संपलं.

मला वाटलं काका सोडतील हे सगळं. पण एप्रिलमध्ये ते कोट इस्त्री करत होते. म्हणाले, "जाणार आहे. पण मरणार नाही. शेवटपर्यंत उभा राहणार, कॅप्टनला सांगितलंय."

"पाय दुखतील काका."

"दुखू देत. आडवा झालो तर उठणं जमेल असं वाटत नाही."

मी ऐकलं. आणि मला कळलं नाही. गुडघ्यांबद्दल बोलतायत असं वाटलं मला, खरंच. आणि मग मला वाटलं काकूंसाठी काहीतरी करावं, म्हणून त्यांना न विचारता गॅरेजमधून ती चेअर उचलली, थर्मास घेतला, दोन्ही डिकीत टाकलं, आणि लढाईच्या दिवशी मैदानावर काका तयार होत होते तेव्हा नेहमीच्या जागी दोरीला लागून मांडली. चेअरवर थर्मास. मी बाजूला गवतात बसले. छान वाटत होतं मला.

ढोल सुरू झाला. काका रांगेत होते, भाला घट्ट धरून, नजर सरळ. वीस मिनिटं. राजाकडच्यांनी रेटा दिला, रांग वळली, आणि काकांना चेअर दिसली.

त्यांनी भाला शेजारच्याच्या हातात दिला. कोणी मारलं नाही त्यांना. चालत आले, चेअरसमोर गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले आणि हॅट तोंडावर घेतली.

लढाई संपली. कॅप्टन ओरडला. सगळे उठले, टाळ्या झाल्या, मुलं आइसक्रीमच्या व्हॅनकडे पळाली. काका पडलेलेच. हॅट हलत होती, वरखाली, वरखाली.

"काका, उठा ना," मी म्हटलं. नाही उठले. काकूंचेच शब्द होते जवळजवळ.

डेरेक आला. त्यांच्या शेजारी गवतात बसला, हेल्मेट काढलं, आणि गवताची पाती तोडत राहिला. बराच वेळ.

मग हॅटखालून काका म्हणाले, "चहा आहे का?"

मी थर्मास उचलला. आणि तेव्हा कळलं की मी तो तसाच शेल्फवरून उचलून आणला होता, फेब्रुवारीपासून बंद. झाकण उघडलं तर आत आल्याचा अगदी थोडासा वास.

"रिकामा आहे, काका."

मग त्यांनी हॅट काढली, एका हाताने डेरेकचा खांदा धरला, एक गुडघा, मग दुसरा, आणि उठले. चेअर स्वतः घडी केली. मी सॉरी म्हटलं, चारपाच वेळा. ते म्हणाले, "वरदा, गाडीची किल्ली दे."

पुढच्या रविवारी जिना मोकळा होता. भाला डेरेक घेऊन गेला होता, रेजिमेंटला परत द्यायला. टेबलावर कोट घडी करून ठेवलेला, तोही जाणार होता, नव्या माणसांना कपडे कमी पडतात म्हणून.

मी म्हटलं, कॉलरचं नाव उसवून देते, ते तरी ठेवा. छोटी कात्री पण घेतली हातात.

काकांनी वरणाची फोडणी घातली, गॅस बारीक केला.

"नको," म्हणाले. "तिचा टाका आहे. मी नाही उसवू शकत, तूही नको."

कोट गेला. या ऑगस्टमध्ये कुठेतरी कोणीतरी तो घालून पडलं असेल, आणि कॅप्टन ओरडल्याबरोबर उठलं असेल.