मागच्या सीटवरचं माणूस

अण्णा निपाणीच्या एका तंबाखू वखारीत कारकून होते आणि मोटारसायकलवरून बेळगावला यायचे. मीही कधीमधी त्यांच्या मागं बसायचो. दर वळणावर ते विचारायचे, "बसलासा न्हवं?" आणि डावा हात मागं नेऊन माझा गुडघा चाचपायचे.

ऐंशीच्या दशकात मी बेळगावात शिकवायचो त्या इंजिनिअरिंग कॉलेजात चालकाची बैठक आणि सवयी अभ्यासायला आम्ही एक खोटी मोटारसायकल उभारली होती. खाली स्प्रिंगा, समोर पडद्यावर घाटरस्त्याची फिल्म. मी त्यांना बोलावलं.

"सिनेमाच की हो, सर," म्हणत ते हसत बसले.

वळणावर अचानक समोरून ट्रक आला. त्यांनी ब्रेक दाबला आणि डावा हात हँडल सोडून मागं गेला. रिकाम्या सीटवर तो चाचपत राहिला. गाडी कलंडली. ते घाईनं उतरले आणि मागची फरशी बघू लागले.

"मागचं माणूस पडलं, सर."



त्या दिवशी आपली गाडी सुरू न करता, ढकलतच ते बेळगावातल्याच खासबागेत बहिणीच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बसनं परत आले. "पुन्ना बसवा, सर. हात सुटाय नको. माझ्या मागं घरची मंडळी बसत्यात."

मी फिल्म लावली. वळण आलं, ट्रक आला. दोन्ही हात हँडलवर घट्ट राहिले.

"जमलं की, अण्णा!" म्हणत मी पुढं झालो.

त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.