‘या जेवायला’ म्हटलं की बसणाऱ्या बाई

“कोण? कुठं? कुणासमोर?” पेन अंबाड्यात खोचून बाई हेच तीन प्रश्न विचारायच्या. साजगावच्या आमच्या कारखान्यात त्या हजेरी लिहायच्या आणि घरून समाजशास्त्राचं एम.ए. करायच्या. त्यांचा प्रकल्प एकदा परत आला होता. शेरा होता, मतं फार, माणसं दिसत नाहीत. आता शेवटची संधी.

मग बाई माणसं बघायला लागल्या. जेवणारा माणूस “या जेवायला” म्हणतो आणि जाणारा “होऊ द्या, होऊ द्या” करत सटकतो, हे तुम्हीही रोज बघता. बाई सटकायच्या नाहीत. बसायच्या.

पहिल्या दिवशी फिटरचे बोंबील गेले. दुसऱ्या दिवशी तो मशिनमागं जेवला. सुपरवायझर सवयीनं “या” म्हणाले आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसले.

“या म्हणलात ना, सायेब?”

“बोलायची पद्धत हाय ती, बाई.”

“तीच लिवतेय. चटनी सरकवा.”

आठवड्याभरात सगळं खातं भिंतीकडं तोंड करून जेवायला लागलं. सुपरवायझरांच्या बायकोनं मात्र एक वेगळा डबा पाठवला. वर चिठ्ठी: अभ्यासासाठी.

माझं काम बाईंनी लिहिलेलं वाचायचं. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सुटलेली. बाई म्हणायच्या, “तुला कळलं तर कुणालाबी कळंल रं.” मला ओ का ठो कळायचं नाही. पण त्या रोज माझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त आणायच्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मान हलवायचो.

एकदा ‘परस्पर अपेक्षांचे संतुलन’ असं काहीतरी आलं.

“कळलं?”

“हो.”

“सांग मंग.”

माझ्या माना हलवण्यानं बाई नापास होणार होत्या.

“नाही कळलं, बाई. आजवरचं काहीच नाही. मला एवढंच वाटतं, बोलावणारा पण भितो, नको म्हणणारा पण भितो. पुरायचं नाही, असं दोघांला वाटतं.”

बाईंनी ते पान टराटरा फाडलं. मला वाटलं, भाकरी गेली.

त्या पास झाल्या आणि कर्जतला दुसऱ्या नोकरीवर गेल्या. हजेरीला आता मशिन आहे, अंगठा लावायचा. परवा एका टेंपोवाल्याकडून त्यांनी प्रकल्पाची प्रत पाठवली. तो वाटेत चाळून आला होता. “हे तर मला पन म्हाईत हाय,” म्हणाला, “यात शिकायचं काय?”

फाडलेल्या पानाच्या जागी माझं वाक्य होतं, जसंच्या तसं. खाली माझं नाव. तोवर ते छापलेलं मी फक्त रेशनकार्डावर पाहिलं होतं.