मीठ बघा जरा

नगरच्या एका दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीत बसतो. गळ्यात क्रूस घातलेली एक मावशी रोज दुपारी भाकरी-कालवणाचा डबा घेऊन येते आणि पेशंटच्या उपाशी नातेवाइकांपुढे धरते. “कालवनात मीठ बरुबर हाय का, बघता का जरा?”

मला ते नाटक वाटायचं. एकदा वैतागून म्हटलं, “मावशी, सरळ जेवा म्हणा की!”

“येशूनं बी विहिरीवरच्या बाईला काई द्यायच्या आदी तिच्याकडं पानीच मागितलं हुतं, भाऊसाहेब. मागनाऱ्यापुढं मान्साला लाज वाटत न्हाई.”

परवा माझीच बायको ऑपरेशनसाठी आत होती. मी सकाळपासून बाकावर. मावशीनं डबा पुढं केला. सगळं ठाऊक असूनही मी घास घेतला.

“थोडं कमी वाटतंय.”

“मंग आनखी एक भाकरी खा, आन नीट सांगा.”