पाटलिणीची पाचवी

माझी माय सुईण होती. किन्हीराजा गावाच्या आसपास कुणाला कळा लागल्या की तिला बोलावणं यायचं. बाळंतिणीला धीर द्यायचा, सासूची किरकिर हसत ऐकायची, थेट त्या सासूच्याच तोंडावळ्याचं पोर निघालं तरी त्याला देखणं म्हणायचं, हे सगळं ती करायची. घरी आली की मात्र तोंडाला कुलूप. बापाने काही विचारलं तर त्याच्यापुढे भाकर आदळायची. गावाच्या लेखी माझी माय म्हणजे साखर. आम्हाला ती चाखायला मिळाली नाही.

गावात पहिलं मतदान होऊन वर्ष झालं असेल, मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. माय म्हणाली, "तुह्या वक्ताले मी कुठीच जात नाई." मी मूर्ख, त्यावर विसंबले.

माझ्या कळा सुरू झाल्या त्याच सकाळी पाटलीणबाई स्वतः आमच्या दारात. स्वतः आली म्हणजे केवढे उपकार! नाकाला पदर लावून म्हणाली, "तुही पोरगी कामाची हाये, तिले काय होते? आमची सून नाजूक हाये. चाल बरं लवकर." नाजूक म्हणे! एका बैठकीत पुरणाच्या पाच पोळ्या संपवायची ती. माय माझ्याकडे न बघता निघाली.

शेजारच्या काकीने माझी सुटका केली. मुलगी झाली. तिकडे दुपारी पाटलाच्या सुनेला मुलगा झाला. माय धावत आली ती अंगणातच थांबली. पाटलिणीने बजावलं होतं, पाचवी पुजेपर्यंत दुसऱ्या बाळंतिणीला शिवायचं नाही, आमच्या पोराला बाधा होईल. माझ्या पोरीला बाधा झाली तर चालणार होतं. माय पाच दिवस उंबऱ्याबाहेरून माझी थाळी आत सरकवायची आणि तिकडे जाऊन पाटलाच्या नातवाला लाडेलाडे न्हाऊ घालायची. त्या पाटलिणीचा मला आजही तिटकारा येतो, आणि खरं सांगायचं तर मायचाही.

सहाव्या दिवशी ती आत आली. पोरीला न्हाऊ घालून माझ्या पायांना तेल चोळायला बसली. मला रडू आवरेना. तेव्हा माय तोंडभर हसली, पाटलाच्या घरी हसायची तशी, आणि म्हणाली, "रडू नका बाईसाहेब, लेकरू कसं राजावानी हाये!"

आणि तेल चोळत राहिली. समोर आपली लेक आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.