अडकित्त्याने कातरलेली गोळी

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से कुणाला साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. वर्तकनगरातल्या या इमारतीला जिना एकच, त्यामुळे तळमजल्यावर कुणी शिंकलं की चौथ्या मजल्यावर काढा उकळायला लागतो! त्यात मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या मुलीला काही ऐकूही येत नाही, असं मोठ्या माणसांना का वाटतं कोण जाणे! तर यंदा सगळ्यात जास्त किस्से झाले ते बाबांच्या गोळीचे.

गोळी म्हणजे बीटा ब्लॉकर. बाबांना बीपी होतं आणि छातीत धडधडायचं, म्हणून काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती सुरू केली. धडधड थांबली आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. बाबा गणपतीतली कॅरमची स्पर्धा जिंकायला लागले! हात असा स्थिर, की स्ट्रायकर त्यांच्या बोटाखाली झोपलाय असं वाटावं. दर वर्षी फायनलला समोर कारखानीस काका आणि दर वर्षी हरणारेही कारखानीस काकाच. ते आमच्या समोरच राहतात. बँकेतून रिटायर झालेत आणि हरण्यातून अजून व्हायचे आहेत, असं कारखानीस काकूच म्हणतात.

यंदा डॉक्टर म्हणाले, "बीपी छान आहे, वजनही उतरवलंत. आता गोळी बंद करू या. पण एकदम नाही हं! हळूहळू."

*

ते 'हळूहळू' का, हे आम्हाला आधीच कळलं होतं. डोंबिवलीला, माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात!

घरचं कार्य म्हणून आम्ही आधीच जाऊन राहिलो होतो आणि बाबा गोळ्या ठाण्याला विसरून आले होते. "दोन दिवस नाही घेतली तर काय होतंय?" असं म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. लग्नाच्या सकाळी दुसरे भटजी वेळेवर आले नाहीत, म्हणून अंतरपाटाचं एक टोक बाबांच्या हातात दिलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाट थरथरायला लागला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, पंखा बंद करा! अंतरपाट फडफडतोय!"

पंखा बंद केला. अंतरपाट फडफडतच राहिला!

बाबा घामाने भिजले होते. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. "काकाचं काळीज हो! पुतणी सासरी जाणार म्हणून कसा कासावीस झालाय बिचारा!"

हॉलशेजारच्या डॉक्टरांनी बाबांना तपासून गोळी दिली. ठाण्याला परत आल्यावर आमचे डॉक्टर चांगलेच रागावले. "ही गोळी म्हणजे सायकल शिकताना मागून धरलेला हात आहे. एकदम सोडला तर हृदय धाडकन आपटेल ना!"

*

आता हळूहळू सोडायची म्हणजे गोळीचे तुकडे करायचे. आधी अर्धी, मग पाव. सुरीखाली गोळी घसरायची. मग बाबांना आठवला आजोबांचा पितळी अडकित्ता. बाबा म्हणाले, "सुपारी कातरतो, तर गोळी काय चीज आहे!"

पहिल्याच दिवशी कच्चकन आवाज झाला आणि अर्धी गोळी उडाली. कुठे? तर आईने खिचडीसाठी भिजवलेल्या साबुदाण्याच्या पातेल्याकडे!

पांढऱ्या साबुदाण्यात पांढरी गोळी. आई आणि समोरच्या कारखानीस काकू साबुदाणा ताटात पसरून बसल्या. दाणा न् दाणा बघून झाला.

काकू म्हणाल्या, "फेकून द्या हो सगळा. नाहीतर खिचडीचंच बीपी उतरायचं!"

आईने जड मनाने साबुदाणा टाकला. तेवढ्यात बाबा पेन काढायला खिशात हात घालतात, तर अर्धी गोळी पेनाबरोबर बाहेर! आईने बाबांकडे नुसतं पाहिलं आणि बाबांची धडधड आपोआप वाढली.

*

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. अर्ध्यावरून पाववर आल्यावर बाबांचं डोकं दुखायचं, झोप उडायची, बसल्या बसल्या कानात ठोके ऐकू यायचे. हातातल्या बशीत कप किणकिणायचा. डॉक्टरांनी घाई केली नाही, पाव गोळीवरच आणखी काही दिवस थांबवलं. "हे उतरेल," ते म्हणाले, "धीर धरा."

पण एकदा जिन्यात कारखानीस काका बोलून गेले, "आता मजा येईल हं फायनलला! इतकी वर्षं मी तुमच्याशी नाही, तुमच्या गोळीशी खेळत होतो!"

सगळे हसले. बाबाही हसले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅरम बोर्ड काढला आणि मला समोर बसवलं. बोट लावलं की स्ट्रायकर बोर्डावर टकटक करायचा. सोपी सोंगटीही पॉकेटच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायची.

"खरं असेल का गं ते?" बाबा हळूच म्हणाले. "हात माझा नव्हताच?"

मी सोंगट्या परत लावल्या.

*

कारखानीस काका जिभेचे तिखट असले तरी माणूस मायेचा. बाबांना धडधडतंय असं कळलं की चप्पल न घालता येतात. एका रविवारी ते बाबांचं मनगट धरून नाडी मोजायला बसले. डोळे हातातल्या घड्याळावर.

"नव्वद... शंभर... एकशे वीस..."

बाबांचा चेहरा उतरला.

"एकशे साठ... दोनशे! अहो, मिनिट अजून व्हायचंय!"

आई डॉक्टरांकडे जायला पायात चपला घालायला लागली. मी काकांच्या मागे उभी होते. मला जे दिसत होतं ते सांगू की नको असं झालं. शेवटी सांगितलं, "काका, तुमचा सेकंदकाटा हलतच नाहीये."

काकांनी घड्याळ कानाला लावलं. चावी द्यायची राहून गेली होती! मग बाबांच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, "अभिनंदन! बंद हे पडलंय, तुम्ही नाही!"

*

हिराबाई आमच्याकडे खाडीवरच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येते. गोळी चालू असताना बाबा इतके शांत असायचे, की ती सांगेल त्या भावाला "बरं" म्हणायचे. गोळी कमी झाली तशी बाबांची चिडचिड वाढली. एका सकाळी बाबांनी बोंबलांवरून अशी काही हुज्जत घातली, की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून बघायला लागले.

हिराबाईने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि आईला हाक मारली.

"ये बाय! तुजे साहेबाला ती गोली परत चालू कर गो! आदी कसा देवावानी मानूस व्हता!"

*

गणपती यायच्या आधी गोळी पूर्ण बंद झाली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "झालं! आता तुमचं हृदय तुमच्या ताब्यात. आणि मनाने परत एकही गोळी घ्यायची नाही हं!"

पण शेवटची एक अर्धी उरली होती. बाबांनी ती कॅलेंडरच्या कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली.

आई म्हणाली, "टाकून द्या ना ती."

"घेणार नाहीये गं. नुसती असू दे."

रोज शर्ट बदलायचा, पण पुडी त्या शर्टातून या शर्टात जायची. बिल्डिंगमध्ये हेही सगळ्यांना कळलं, कारण जिना एकच!

फायनलला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. हिराबाईसुद्धा रिकामी टोपली शेजारी ठेवून बसली होती. समोरासमोर बाबा आणि कारखानीस काका. बिल्डिंगचे सेक्रेटरी सामंत काका अंपायर. हवा दमट, बोर्ड चिकट झालेला, आणि पावडरचा डबा मघाशीच संपलेला. खेळ असा रंगला, की शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली. पाळी बाबांची. सोंगटी लांबच्या कोपऱ्यात.

बाबांनी बोट लावलं. टकटकटक! स्ट्रायकर थरथरत होता. सगळा मंडप तो आवाज ऐकत होता. बाबांनी हात मागे घेतला, पुसला, परत लावला. टकटकटक!

कारखानीस काका पुढे वाकले. "घ्या हो, लाजू नका! खिशात आहे ना पुडी? मी काही म्हणणार नाही!"

बाबांचा हात खिशाकडे गेला. आई उठून उभी राहिली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बाबांनी पुडी उघडली. अर्ध्या गोळीकडे क्षणभर पाहिलं. मग ती बोर्डाच्या मधोमध ठेवली, तिच्यावर स्ट्रायकर ठेवून अंगठ्याने दाबला आणि तिचा पार भुगा केला. तो भुगा तळव्याने बोर्डभर पसरला, फुंकर मारली आणि थरथरत्या बोटानेच स्ट्रायकर सोडला.

सोंगटी सरळ पॉकेटमध्ये!

मंडपात नुसता गोंधळ! हिराबाई टोपली वाजवायला लागली. कारखानीस काका मात्र खुर्चीवर उभे राहून अंपायरला ओरडून सांगत होते, "ऑब्जेक्शन! ऑब्जेक्शन! गोळी खेळाडूने घ्यायची असते, बोर्डाला द्यायची नसते!"